जेआर वन ते सहायक प्राध्यापक: कोणत्या टप्प्यावर काय करायचं

दरवर्षी एमडीची प्रॅक्टिकल्स आटोपली की दोन-तीन जेआर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट, माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहतात. "मॅडम, मला टीचिंगमध्ये राहायचंय. काय करू?" मी चहा मागवते आणि विचारते, थीसिसचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटांच्या माहितीचा तक्ता, कुठे आहे? एकाचा पेनड्राइव्ह हरवलेला असतो, दुसरीचा चार्ट हॉस्पिटलसमोरच्या टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर असतो. तिसरा म्हणतो, "गाइड सरांकडे असेल," आणि सरांची तर मार्चमध्येच बदली झालेली असते.

अध्यापनाची नोकरी एमडी झाल्यावर शोधायची असते, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते ती जेआर वनच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, थीसिसचा विषय ठरतो तेव्हाच सुरू होते. म्हणून हा लेख नुकतेच रुजू झालेल्यांसाठी किंवा होणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांची आणि मेडिसिनची, कारण मी त्यातच वाढले. सर्जरी किंवा गायनॅकवाल्यांनी तपशील आपापल्या वॉर्डाप्रमाणे बदलून घ्यावेत.

जागा निवडताना

नीट पीजीनंतर राज्यातल्या सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा एमसीसी (केंद्राची प्रवेश समिती) अखिल भारतीय कोट्यातून भरते, उरलेल्या राज्याचा सीईटी सेल. चॉइस फिलिंगच्या, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याच्या, दिवसांत सगळे कटऑफ बघत असतात. ज्यांना पुढे शिकवायचंय त्यांनी कॉलेजातल्या एखाद्या जेआर टूला फोन करावा. जेआर वनला करू नका, तो इतका थकलेला असतो की त्याला सगळंच वाईट दिसतं. जेआर थ्रीचं लक्ष परीक्षेत असतं. जेआर टूला तीन गोष्टी विचारा: गाइड कसा ठरतो, यूजीची (एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांची) क्लिनिक्स रेसिडेंट घेतात का, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाचा शोधनिबंध छापून आला.

केईएम, सायन, जे.जे., ससून, नागपूरचं मेडिकल इथे पेशंटांची कमतरता नाही, कमतरता असते ती झोपेची. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी गावाशी नातं पक्कं आहे आणि संशोधनाची सवय जुनी आहे. अंबाजोगाईसारख्या कॉलेजात विभाग लहान, त्यामुळे हात लवकर चालतो आणि प्राध्यापक तुम्हाला नावानं ओळखतात. नुसत्या नावावर जाऊ नका. डीएनबी, म्हणजे बहुतेकदा रुग्णालयांत होणारी एमडीच्या तोडीची पदवी, घेणार असाल तर शिकवण्याच्या पदांसाठी ती पदवी चालते, पण बहुतेक खासगी रुग्णालयांत एमबीबीएसचे विद्यार्थीच नसतात. तिथे शिकवण्याचा सराव मुद्दाम मिळवावा लागतो.

आणखी एक बोलायला हवं. फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, पीएसएम (सामाजिक आरोग्य) या विषयांना आपल्याकडे 'नॉन-क्लिनिकल' म्हणून नाक मुरडलं जातं. पण ज्याला मनापासून शिकवायचंच आहे, त्याला तिथे वर्ग लवकर मिळतो, संशोधनाला वेळही मिळतो. "काहीच नाही मिळालं म्हणून पीएसएम" असं म्हणत आलेले आणि नंतर त्यात रमलेले कितीतरी सहकारी मी पाहिलेत.

पहिले तीन महिने

या काळात संशोधन, पेपर, कॉन्फरन्स हे सगळं विसरा. तगून राहा आणि माणसं ओळखा. वॉर्डाच्या सिस्टरला कोणतं इंजेक्शन कुठे ठेवलंय ते माहीत असतं, वॉर्डबॉय मामाला सीटीपर्यंतचा जवळचा रस्ता माहीत असतो आणि मावशींना बेड नंबर बाराचे नातेवाईक खरं का सांगत नाहीत तेही माहीत असतं. मदत मागायला लाजू नका. पेशंट बिघडतोय असं वाटलं की रात्री तीन वाजता सीनियरला उठवा. उठवलं म्हणून ओरडा बसला तर तो दोन मिनिटांचा असतो.

प्रत्येक नोटवर तारीख आणि वेळ लिहा, खाली वाचता येईल अशी सही करा. "पेशंट स्टेबल" हे दोन शब्द कुणाच्याच कामाचे नाहीत. नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन, लघवी किती झाली हे लिहा. हीच सवय पुढे थीसिसच्या डेटाला वाचवते. कित्येकांचे निम्मे रकाने रिकामे राहतात, कारण अॅडमिशनच्या रात्री कुणी श्वासाचा वेग मोजलेलाच नसतो.

कामाच्या तासांबद्दल खोटं कशाला बोलू? १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं ७४ तासांची शिफारस केली. इमर्जन्सी डे (तातडीचे पेशंट घेण्याचा दिवस) आणि पोस्ट-इमर्जन्सी मिळून सलग ३०-३६ तास उभं राहणाऱ्या जेआर वनला दोन्ही आकडे विनोदी वाटतात. तरीही आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आहे, हे माहीत असू द्या. युनिटमधल्या चौघांनी बसून रजांचं वेळापत्रक आधीच केलं तर ती मिळते, एकट्यानं मागायला गेलं की अडते. हजेरी मात्र ८० टक्के लागते.

सीनियर काम सांगतो ते वेगळं आणि अपमान करतो ते वेगळं. दुसरं होत असेल तर अँटी-रॅगिंग समिती आहे, मार्ड ही रेसिडेंट डॉक्टरांची संघटना आहे, आणि बहुतेक विभागांत एक तरी समजूतदार लेक्चरर असतो. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन करायला मानसोपचार विभागाची ओपीडी गाठावी लागत नाही आणि कुणाला कळतही नाही.

थीसिस: इथे घाई नको

आधी माझी फजिती सांगते. मी जेआर वन असताना एका दुर्मीळ आजारावर विषय घेतला. नाव भारदस्त होतं, गाइडही खूश होते. साठ पेशंट लागणार होते. आठ महिन्यांत सात मिळाले. मग विषय बदलला, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर पुन्हा उभी राहिले आणि जेआर थ्रीच्या ऐन अभ्यासाच्या दिवसांत रात्री केस पेपर चाळत बसले. विषय ठरवण्याआधी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर हे टळलं असतं. तो अर्धा तास असा घालवा:

एमडीचे महिने ३६. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा असतो, उरले ३०. विषय, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) यात सुरुवातीचे सहा सहज जातात, उरले २४. जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे, तीन गेले, उरले २१. विश्लेषण आणि लेखनाला तीन ठेवा. हातात राहिले १८ महिने. पेशंटचा सहा महिन्यांचा फॉलोअप विषयात असेल तर नवे पेशंट घ्यायला फक्त १२.

आता तुमच्या युनिटची इमर्जन्सी आठवड्यातून एकदा असेल, तर १८ महिन्यांत साधारण ७८ इमर्जन्सी येतात. दर इमर्जन्सीला तुमच्या आजाराचा एक पेशंट आला तरी आकडा ७८. त्यातले काही निकषात बसणार नाहीत, काही संमती देणार नाहीत, काही 'डामा' घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता, निघून जातील. हाती चाळीस-पन्नास आले तर नशीब. मेडिकल रेकॉर्ड विभागात जाऊन मागच्या वर्षाचे आकडे स्वतः मोजा. सीनियर म्हणतात "खूप येतात" यावर विसंबू नका, आपल्या लक्षात राहिलेले पेशंट नेहमी जास्त वाटतात.

ऋतूही बघा. सर्पदंश, डेंग्यू, लेप्टो हे पावसाळ्याचे आजार. एथिक्सची मंजुरी ऑक्टोबरमध्ये हाती आली की एक हंगाम गेला. विदर्भात सिकलसेल, सगळीकडे विषबाधा आणि अनियंत्रित मधुमेह: जे तुमच्या वॉर्डात रोज येतं, त्यातच चांगला प्रश्न शोधा.

पुढचा प्रश्न पैशांचा. तुमच्या थीसिसला लागणारी तपासणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते का? किट संपलं तर? जी तपासणी फक्त तुमच्या अभ्यासासाठी आहे, तिचा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही आणि एथिक्स कमिटी पहिल्यांदा हेच विचारते. सरकारी हॉस्पिटलात वर्षातले काही महिने एखादी ना एखादी किट संपलेली असतेच, हे धरून चाला.

संमतीपत्र मराठीत लागतं, आणि ते शासन निर्णयाच्या मराठीत लिहू नका. "यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती" असं वाचून जालन्याहून आलेल्या मावशींना काय कळणार? "दोन्हीपैकी कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरेल, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार मिळतीलच" असं लिहा. लिहून झालं की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्या जिथे थांबवतील तिथे वाक्य बदला. नंदुरबारकडे पावरी-भिली बोलणारे पेशंट असतील तर दुभाषाची सोय आधी करा.

औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही. नोंदणी राहिली तर चांगली नियतकालिकं पेपर हातातही घेत नाहीत, मग काम कितीही चोख असो.

पीएसएम विभागातल्या स्टॅटिस्टिशियनना डेटा गोळा झाल्यावर भेटायचं नसतं, गोळा करण्याआधी भेटायचं असतं. एक्सेलमध्ये एका पेशंटला एक ओळ. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि कोणता क्रमांक कुणाचा ती यादी वेगळी, कुलपात. वयाच्या रकान्यात फक्त आकडा, "४५ वर्षे" नाही. बीपीचे रकाने दोन. "नाही" आणि "माहीत नाही" यांना वेगळे कोड. हे क्षुल्लक वाटतं, पण शेवटच्या महिन्यात पन्नास ओळी हातानं दुरुस्त करताना डोळ्यांत पाणी येतं.

पहिल्या वर्षातच उरकायच्या गोष्टी: आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, ज्याला सगळे 'बीसीबीआर' म्हणतात, आणि त्याची परीक्षा. पुढे शिक्षक म्हणूनही हे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा नीट जपून ठेवा.

शिकवायला कधी लागायचं?

सहाव्या महिन्यापासून. इंटर्नला एबीजी (धमनीतल्या रक्ताचा नमुना) कसा घ्यायचा ते दाखवता ना, तेही शिकवणंच. फरक एवढाच की आधी दोन मिनिटं विचार करा: याला आज एकच गोष्ट येऊ द्यायची तर कोणती? मग ती त्याच्याकडून करून घ्या, आपण करून दाखवून मोकळे होऊ नका.

जेआर टू झालात की यूजीचं एक क्लिनिक मागून घ्या. बहुतेक एपी, म्हणजे युनिटमधले प्राध्यापक, आनंदानं देतात. प्लीहा कशी तपासायची ते एका पेशंटवर दहा मुलांना शिकवायचं असेल तर आधी पेशंटची परवानगी घ्या आणि दहाही जणांना पोट दाबू देऊ नका. तिघं पुरेत. क्लिनिक संपल्यावर पेशंटला दोन शब्द बोला. मुलं ते बघत असतात.

काय शिकवलं, कधी, कोणत्या बॅचला, हे वहीत लिहून महिनाअखेर एपींची सही घ्या. रेसिडेंटच्या शिकवण्याला मुलाखतीत अधिकृत गुण मिळतीलच असं नाही, पण "शिकवण्याचा अनुभव?" या प्रश्नाला वही उघडून दाखवणारा उमेदवार लक्षात राहतो.

जिल्हा रेसिडेन्सी

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा रुग्णालयात जायचं असतं. अनेक जण तिथे अभ्यासाची सुट्टी म्हणून जातात. जा, अभ्यासही करा. पण डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, वॉर्डात विंचूदंशाचे पेशंट येत होते, आणि त्यांनी जवळ बसून काय घडतंय ते टिपलं. ती निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावर १९८६ मध्ये आणि २०११ मध्ये 'बीएमजे'त विंचवाच्या प्रतिविषाची रीतसर तुलना. आयसीयू, एमआरआय काहीही नसताना. तीन महिन्यांत तुम्ही लॅन्सेट गाठाल असं मी म्हणत नाही. पण जिल्हा रुग्णालयातून तुमच्या कॉलेजात रेफर होणारा पेशंट वाटेत किती तास घालवतो आणि कुठे, एवढं जरी नीट मोजलंत तरी त्यातून एक पेपर निघतो.

पेपर

परीक्षेला बसण्यासाठी पोस्टर, पेपरवाचन किंवा शोधनिबंध यांपैकी एक लागतं. बहुतेक जण पोस्टरवर भागवतात, हरकत नाही. शिक्षक व्हायचं असेल तर थीसिसचा पेपर परीक्षेनंतर सहा महिन्यांच्या आत पाठवा. गाइडची बदली होते, तुमचं लग्न होतं, फोन नंबर बदलतात, आणि नव्वद पानांचा थीसिस लायब्ररीत धूळ खात राहतो. लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच बोलून घ्या. अवघड वाटतं, पण नंतर बोलणं त्याहून अवघड.

शिक्षकांच्या पात्रतेच्या २०२२ च्या नियमांत पदोन्नतीसाठी मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरत, आणि तेही तुम्ही पहिल्या तिघांत किंवा करस्पाँडिंग (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारे) लेखक असाल तर. एकट्या केस रिपोर्टला त्यात जागा नव्हती. २०२५ मध्ये नवे नियम आले आहेत. अर्ज भरताना आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत उतरवून घ्या, कॉलेजच्या क्लार्ककडची झेरॉक्स जुनी असू शकते.

"आदरणीय डॉक्टर, आपला मौलिक लेख तीन दिवसांत स्वीकारू" अशी मेल आली की डिलीट करा. नियतकालिक मेडलाइन, स्कोपस किंवा डीओएजे या सूचींमध्ये आहे का, हे त्या यादीतच जाऊन शोधा. नियतकालिकाच्या पानावरचे लोगो कुणीही चिकटवू शकतं.

बाँड आणि सीनियर रेसिडेन्सी

सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून एमडी झालात की एक वर्षाची बाँडची, म्हणजे सक्तीची सरकारी, सेवा असते. इथे बरेच जण चुकतात. सहायक प्राध्यापक होण्यासाठीचा मुख्य रस्ता म्हणजे एमडीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय महाविद्यालयात त्याच विषयात एक वर्ष सीनियर रेसिडेंट. बाँडचं वर्ष याच पदावर गेलं तर एका दगडात दोन पक्षी. म्हणून जागांच्या यादीत नुसतं गाव बघू नका, पदनाम बघा. २०२५ च्या नियमांनी २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काम केलेल्या एमडी-एमएसधारकांनाही दार उघडलंय, पण तो रस्ता वर्षभरानं लांब आहे.

ऑर्डर, जॉइनिंग रिपोर्ट, रिलीव्हिंग ऑर्डर, अनुभव प्रमाणपत्र: चौघांवरच्या तारखा जुळल्या पाहिजेत. प्रमाणपत्रावर पद, विभाग, "पासून-पर्यंत" आणि अधिष्ठात्यांची सही हवी. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर विषयाचं नावच नव्हतं. दुरुस्तीसाठी तिनं तीनशे किलोमीटरच्या दोन फेऱ्या मारल्या. त्याच सुमारास महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे एमडीची अॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद करून घ्या.

पद

सरकारी कॉलेजांतली कायम पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. सहायक प्राध्यापक हे वैद्यकीय शिक्षण व संशोधन सेवेतलं गट-ब पद. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास हे कागद आधीच तयार ठेवा. मधल्या काळात कंत्राटी नेमणुका मिळतात, पण त्यात मुदत संपली की पुन्हा ऑर्डरची वाट बघणं आलं. खासगी आणि अभिमत कॉलेजांत नेमणूक लवकर होते, पण तिथे शिकवण्याचं आणि पेशंटांचं प्रमाण आधी जाऊन डोळ्यांनी बघा. एम्सला सहायक प्राध्यापकासाठी एमडीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो.

सहायकवरून सहयोगीला चार वर्षं, तिथून प्राध्यापकाला तीन, अधिक पेपर, बीसीबीआर आणि अध्यापन तंत्राचा बेसिक कोर्स. हिशेब सोपा दिसतो. प्रत्यक्षात चौथ्या वर्षाच्या अखेरीस पेपर जमवायला धावणारे पुष्कळ असतात. त्यांचाही थीसिस कुठल्यातरी टायपिंगवाल्याकडेच राहिलेला असतो.

पैशांचं स्पष्ट सांगते. तुमच्याबरोबर एमडी झालेला मित्र तालुक्याला दवाखाना टाकेल आणि काही वर्षांत तुमच्या कितीतरी पुढे जाईल. घरच्यांशी हे आधी बोलून ठेवा, विशेषतः शिक्षणाचं कर्ज असेल तर. काही जण दोन वर्षं खासगीत काम करून कर्ज फेडतात आणि परत येतात. तेही चालतं, फक्त सीनियर रेसिडेन्सीचं वर्ष आधी पूर्ण करून जा.

आता एक प्लास्टिकची फाइल घ्या आणि नेमणूक पत्रापासून सुरुवात करा. मास्टर चार्ट, नावं काढून, आज रात्रीच स्वतःला ई-मेल करा. टायपिंगवाल्याचा कॉम्प्युटर दर दिवाळीत फॉरमॅट होतो.